अंगातली लय : विजय अय्यर

[दृश्य : पियानोवर दोन हात, अगदी जवळून. डावा हात एक छोटी आकृती घोळवतोय, उजवा वेगळ्याच हिशोबाने चाललाय.]

अमेरिकन जॅझ पियानोवादक विजय अय्यर यांच्यावरचा कुठलाही लेख उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत 'गणित' भेटणारच. आता कारण आहे त्याला. येल विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्र, मग कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, भौतिकशास्त्रातच पीएचडीसाठी प्रवेश. आईवडील तामिळनाडूकडचे, अमेरिकेत स्थायिक झालेले. एवढं कळलं की लोकांच्या मनात चित्र तयार : हुशार मुलगा, आकडेमोड, अवघड ताल. मला हे चित्र आळशी वाटतं. ज्या माणसाने लय अंगातून येते हे दाखवण्यासाठी अख्खा प्रबंध लिहिला, त्याच्यावरच आपण 'डोक्याने वाजवणारा' असा शिक्का मारून बसलोय.

[दृश्य : न्यूयॉर्क राज्यातलं छोटं शहर, बर्फाळ रस्ता.]

जन्म १९७१ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीत. तिसऱ्या वर्षी हातात व्हायोलिन आलं आणि पुढे पंधरा वर्षं त्याची रीतसर तालीम झाली. पियानोचं तसं नाही. पियानो शिकत होती बहीण. विजय आपला येता-जाता त्यावर बसायचा आणि कानाने शोधून शोधून वाजवायचा. म्हणजे ज्या वाद्यावर नाव झालं, ते शिकवायला गुरू असा नव्हताच. पुढे जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या ध्वनिमुद्रिका कानावर पडल्या. मंकचा पियानो अडखळल्यासारखा वाटतो, मध्येच थांबतो, आणि तरी कधी चुकत नाही. अय्यर आजही मंकचं नाव घेतल्याशिवाय राहत नाहीत.

बर्कलीत दिवसा भौतिकशास्त्र, रात्री शेजारच्या ओकलंडच्या क्लबांत जॅझ. अशात सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन आणि ट्रॉम्बोनवादक, संगीतकार जॉर्ज लुईस भेटले आणि पारडं फिरलं. भौतिकशास्त्र सुटलं. १९९५ मध्ये पहिला अल्बम आला, 'मेमोरोफिलिया'. १९९८ मध्ये पीएचडी मिळाली, पण संगीतातल्या लयीवर.

[दृश्य : ड्रमसेट. किक, स्नेअर, किक, स्नेअर. आवाज मोठा.]

या प्रबंधापाशी जरा थांबायला हवं. रॉक, फंक, सोल यांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, वाजतो, त्याला बॅकबीट म्हणतात. मोजून पाहिलं तर हा ठोका पुष्कळदा किंचित उशिरा पडतो. फरक इतका बारीक की सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. वादक चुकतोय का? नाही. तो उशीर काढला तर गाणं बरोबर वाजतं, पण हलत नाही. अय्यर याचं मूळ शरीरात शोधतात : पायाने ठेका आणि हाताने टाळी. पाय आणि हात ही दोन वेगळी अंगं, त्यांच्यात अंतर आलंच. भजनात टाळकरी पाऊल टाकून टाळ वाजवतो तेव्हा आपल्याकडेही हेच होतं. कुणी मोजत नाही, पण सगळी दिंडी त्यावर डुलते. प्रबंधाचा विषय पश्चिम आफ्रिकी आणि आफ्रिकन-अमेरिकन संगीत होता. आपण ज्या परंपरेत वाजवतो ती कृष्णवर्णीयांनी घडवली, हे अय्यर मुलाखतींत ठासून सांगतात.

मग गणित कुठे गेलं? आहे ना. २००९ च्या 'हिस्टॉरिसिटी' या अल्बममध्ये. बासवर स्टीफन क्रम्प, ड्रमवर मार्कस गिलमोर, म्हणजे थोर ड्रमवादक रॉय हेन्स यांचा नातू. त्यात 'मिस्टिक ब्रू' नावाची जुनी धून आहे, मुळात रॉनी फॉस्टर यांची. तिचा ठेका अय्यर एक लांब, एक आखूड अशा दोन तुकड्यांत मोडतात आणि ते तुकडे फिबोनाचीच्या आकड्यांवर (शेजारचे दोन मिळवले की पुढचा आकडा) बसवतात : पाचाला तीन, आठाला पाच, तेराला आठ. आकडे बदलतात, पण प्रमाण जवळजवळ तेच राहतं. म्हणून पाय ठेका सोडत नाही.

[दृश्य : कोरा कागद. पेनने खुणा : लघू, गुरू.]

हे आकडे आपल्या छंदशास्त्रात आधीपासून आहेत, ते सांगायचा मोह आवरत नाही. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रा किती तऱ्हांनी भरता येतील? चार लघू, दोन गुरू, आणि एक गुरू, दोन लघू असतील तर गुरू पुढे, मध्ये किंवा शेवटी. झाल्या पाच. पाच मात्रांच्या आठ होतात, सहाच्या तेरा. बाराव्या शतकात हेमचंद्राने हा हिशोब मांडला, फिबोनाचीच्या आधी. तोही कवितेसाठी, म्हणजे तोंडाने म्हणायच्या गोष्टीसाठी.

[दृश्य : विमानतळावरची रांग. चेहरे दिसत नाहीत.]

२००१ मध्ये इराणी दिग्दर्शक जाफर पनाही न्यूयॉर्कच्या विमानतळावर फक्त विमान बदलायला उतरले होते. बोटांचे ठसे द्यायला नकार दिला म्हणून त्यांना बेड्या घालून ठेवलं आणि आले तिथे, हाँगकाँगला, परत पाठवलं. मी चोर नाही, हे सहप्रवाशांना सांगायचं कोणत्या भाषेत, असा प्रश्न त्यांनी नंतर पत्रात विचारला. तोच प्रश्न शीर्षक म्हणून घेऊन अय्यर आणि कवी-रॅपर माइक लॅड यांनी २००३ मध्ये 'इन व्हॉट लँग्वेज?' उभं केलं. विमानतळांवरच्या सावळ्या माणसांच्या गोष्टी, पियानो, बीट्स आणि बोललेले शब्द.

पुढचा सन्मानांचा भाग थोडक्यात. २०१२ मध्ये 'डाउनबीट' या जॅझच्या मासिकाच्या समीक्षकांनी अय्यर यांना एकाच वर्षी पाच विभागांत पहिलं ठरवलं. २०१३ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, सहा लाख पंचवीस हजार डॉलरची. २०१४ पासून हार्वर्डमध्ये प्राध्यापक.

[दृश्य : पांढरा कागद, त्यावर शाईच्या बारीक, ताठ तिरक्या रेघा.]

२०१६. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाची नवी शाखा, मेट ब्रॉयर, उघडली, तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत चित्रकार नसरीन मोहम्मदी यांचं प्रदर्शन होतं. नसरीन कराचीत जन्मल्या, मुंबईत भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करत, चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या सहवासात घडल्या, आणि १९७२ पासून बडोद्याला शिकवत होत्या. शेवटच्या काही वर्षांत आजाराने हात ताब्यात राहत नव्हते, तरी ड्रॉइंगच्या टेबलावर रेघ सरळच येत होती. १९९० मध्ये त्या गेल्या. अय्यर आणि ट्रम्पेटवादक वादादा लिओ स्मिथ यांनी त्यांच्या रेघांसाठी संगीत बांधलं. 'अ कॉस्मिक रिदम विथ ईच स्ट्रोक' हे अल्बमचं नाव नसरीन यांच्या डायरीतूनच घेतलंय. पुष्कळ जागा मोकळी सोडलेलं संगीत आहे ते. ट्रम्पेट एक लांब रेघ ओढतो, पियानो तिच्या कडेकडेने जातो. आकडे मोजायला गेलात तर हाताला काही लागणार नाही.

२०२३ मध्ये गायिका अरूज आफताब आणि वादक शहजाद इस्माइली यांच्याबरोबर 'लव्ह इन एक्झाइल' आला. उर्दू गाणं, सिंथेसायझर, पियानो. ग्रॅमीच्या नामांकनांत तो एकीकडे पर्यायी जॅझमध्ये, दुसरीकडे त्यातलंच एक गाणं जागतिक संगीतात. कुठल्या खणात ठेवायचं ते ग्रॅमीवाल्यांनाही ठरवता आलं नसावं.

[दृश्य : हेडफोन लावलेली व्यक्ती, बसमध्ये.]

पहिल्यांदा ऐकणार असाल तर २०१५ च्या 'ब्रेक स्टफ'मधला 'हूड' लावा. डेट्रॉइटच्या टेक्नोवाल्या, म्हणजे यंत्रांवर नाचाचं संगीत करणाऱ्या, रॉबर्ट हूड यांना वाहिलेला तुकडा आहे. पियानो एकच छोटी आकृती घोळवत राहतो, फार काही घडत नाही असं वाटतं. तेव्हा पियानो सोडा आणि गिलमोरचा ड्रम धरा. ठेका कुठे सरकला ते मान आपसूक सांगेल.