बदलता येतं म्हणून बदलायचं?

(न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वाचायला सोपं जावं म्हणून थोडंसं आवरून)

नमस्कार मंडळी. समितीने मला नोकरी आणि कायदा या विषयावर बोलायला सांगितलं होतं, त्यातला मी एकच कोपरा उचललाय, तो म्हणजे केस. आणि केसांसोबत जे जे येतं ते, दाढी, पगडी, टिकली, चमकी. मी इथे बरीच वर्षं एचआरमध्ये काम करते आणि हे आपल्या लोकांत बोललं गेलंच पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण एक काळ होता की आपण सगळे मुलाखत द्यायला बसायचो, आणि आता या हॉलमधले कितीतरी जण मुलाखत घ्यायला बसतात, कुणाला घ्यायचं कुणाला नाही ते ठरवतात.

एका खटल्यापासून सुरू करते. १९८१ साल, न्यूयॉर्कचं फेडरल कोर्ट. रेनी रॉजर्स नावाची एक ब्लॅक बाई अमेरिकन एअरलाइन्समध्ये नोकरीला होती आणि ती कॉर्नरोज घालायची, म्हणजे डोक्याला लागून घातलेल्या बारीक वेण्यांच्या ओळी. कंपनीचा नियम असा की लोकांसमोर काम करणाऱ्यांना तशा वेण्या चालणार नाहीत. ती कोर्टात गेली आणि या मुद्द्यावर हरली. कोर्टाचं म्हणणं काय, तर वेण्या काही जन्मतः येत नाहीत, त्या सहज बदलता येतात, मग नियम लावला तर त्यात वंशभेद कसला. कंपनीने तिला सुचवलेला उपाय ऐका, कामाच्या वेळात केसांचा अंबाडा घाला आणि वर गंगावन गुंडाळा. ती म्हणाली मी ते केलं, त्याने डोकं भयंकर दुखतं. त्यावर निकालात लिहिलंय की मग जरा मोठं गंगावन घ्यावं. हे एका न्यायाधीशाने निकालपत्रात लिहिलेलं वाक्य आहे हो, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

त्याच्या आधी १९७६ मध्ये दुसऱ्या एका कोर्टाने आफ्रो केसांवरून भेदभाव केला तर तो वंशभेद होऊ शकतो असं मान्य केलं होतं. म्हणजे दोन्ही निकाल शेजारी ठेवले की अर्थ असा निघतो, केस जसे उगवतात तसे मोकळे सोडलेस तर कायदा तुझ्या बाजूने, त्यांची वेणी घातलीस की तू एकटी. आता ज्यांचे केस अगदी घट्ट कुरळे असतात त्यांना विचारा. टाळूचं तेल त्या वळणांमधून खाली टोकापर्यंत पोचतच नाही, केस कोरडे पडतात, विंचरताना तुटतात, म्हणून वेण्या, ट्विस्ट म्हणजे दोन बटा एकमेकींभोवती पिळलेल्या, लॉक्स म्हणजे केस एकमेकांत गुंतवून केलेल्या दोरीसारख्या बटा, असं काहीतरी घालून टोकं आत बंद ठेवायची. ही नटण्याची हौस असेलही, पण त्याआधी ती केस टिकवायची पद्धत आहे, म्हणून तर इथल्या कायद्यात आता त्यांना संरक्षक केशरचना असं म्हटलंय.

आणि हे फक्त चाळीस वर्षांपूर्वीचं नाही. २०१० मध्ये अलाबामातल्या मोबील शहरात चॅस्टिटी जोन्स हिला एका इन्शुरन्स क्लेम कंपनीने नोकरी देऊ केली, फोनवर ग्राहकांशी बोलायची नोकरी, म्हणजे ग्राहक तिला बघणारही नव्हता. तिचे छोटे लॉक्स होते. एचआरच्या बाईने सांगितलं की हे कापावे लागतील, आणि कारण दिलं की असे केस पुढे विस्कटतात, तुझे तसे आहेत असं नाही म्हणत मी, पण तुला कळतंय ना. तिने नकार दिला, नोकरी गेली. सरकारच्या ईईओसीने, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी बघणाऱ्या आयोगाने, तिच्या वतीने केस लढवली, २०१६ मध्ये अपील कोर्टात हरले, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायलाच नकार दिला. परत तेच कारण, बदलता येतं ना, मग बदल.

इथे थोडं थांबून आपल्याबद्दल बोलायला हवं. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांना लॉक्स बघितले की पहिली आठवण येते ती जटेची. आपण लहानपणी गावाकडे जट आलेल्या बायका बघितल्यात, देवीची म्हणून न कापलेली, न धुतलेली, मानेला ओझं झालेली, आणि अंनिसचे कार्यकर्ते किती वर्षं घरोघरी जाऊन, समजूत काढून त्या बायकांना त्यातून सोडवतायत. ते काम खूप मोठं आहे. पण तो डोळा घेऊन आपण न्यू जर्सीतल्या ऑफिसात बसलो तर घोटाळा होतो. ऑफिसात येणारी मुलगी तिचे लॉक्स धुते, तेल लावते, ठरावीक दिवसांनी तासन्‌तास बसून मुळापासून नीट करून घेते, त्याला पैसेही चांगलेच लागतात. जटेत त्या बाईला स्वतःच्या केसांबद्दल काही ठरवायची मुभा नसते, इथे या मुलीने स्वतः ठरवलेलं असतं. अस्वच्छ हा शब्द आपल्या मनात कुठून आला हे एकदा तपासून बघा, एवढंच माझं म्हणणं.

बरं, बदलायचं म्हणजे नेमकं काय करायचं? केमिकलने सरळ करायचे. लहान वयापासून दर काही आठवड्यांनी. २०२२ मध्ये इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास आला, ३३ हजारांहून जास्त बायकांचा, त्यात असं दिसलं की केस सरळ करणारी उत्पादनं ज्या वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरत होत्या त्यांच्यात सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कॅन्सर होण्याचं प्रमाण साधारण ४ टक्के निघालं आणि ज्या वापरतच नव्हत्या त्यांच्यात १.६४ टक्के. यावरून त्या केमिकलमुळेच झालं असं लगेच म्हणता येत नाही, शास्त्रज्ञही तसं म्हणत नाहीत. पण ऑफिसात नीटनेटकी दिसावी म्हणून एखादी बाई किती धोका पत्करत असेल याचा अंदाज येतो. आणि आपल्या कुरळ्या केसांच्या मुली मुलाखतीच्या आधी पार्लरमध्ये स्ट्रेटनिंगला बसतात ना, त्या आयांनीही हा अभ्यास वाचावा अशी माझी विनंती आहे.

आता कायदा कुठे पोचलाय ते सांगते. ३ जुलै २०१९ ला कॅलिफोर्नियात क्राउन कायद्यावर, म्हणजे केसांवरून भेदभाव करायला मनाई करणाऱ्या कायद्यावर, सही झाली, सिनेटर हॉली मिचेल यांनी आणलेला, देशातला पहिला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कने केला. आणि आपल्या न्यू जर्सीची गोष्ट तर तुमच्यापैकी अनेकांनी व्हिडिओत बघितली असेल. १९ डिसेंबर २०१८, ब्युएना रिजनल हायस्कूलचा अँड्र्यू जॉन्सन कुस्तीच्या मॅचसाठी उभा, रेफरी म्हणाला लॉक्स काप नाहीतर मॅच सोड. पोरगा सोळा वर्षांचा. मॅटच्या शेजारी उभं करून सगळ्यांसमोर त्याचे केस कात्रीने कापले, आणि मग तो जाऊन कुस्ती जिंकला, पण त्याचा चेहरा बघवत नाही हो त्या व्हिडिओत. बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, गव्हर्नर मर्फी यांनी आपल्या राज्याचा कायदा केला. आपल्या भेदभावविरोधी कायद्यात वंश या शब्दाच्या व्याख्येतच आता केसांचा पोत, केसांचा प्रकार आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट वगैरे रचना आल्या.

आज वीसपेक्षा जास्त राज्यांत असा कायदा आहे. देशपातळीवर मात्र २०२२ मध्ये संसदेच्या हाउसमध्ये पास होऊन सिनेटमध्ये अडकला. आणि कायदा असला तरी पळवाटा आहेतच. टेक्ससमध्ये कायदा २०२३ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, आणि तिथेच डॅरिल जॉर्ज या मुलाला शाळेने महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं, लॉक्स असल्याबद्दल नाही म्हणे, सोडले तर ते फार लांब आहेत याबद्दल. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या न्यायाधीशाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, की कायद्यात लांबीचा उल्लेखच नाही.

तुम्ही म्हणाल ताई, हे सगळं ब्लॅक लोकांचं झालं, आपलं काय. आपलं आहे. इथे बसलेल्या काकांना आणि मावशींना १९८७ ची जर्सी सिटी आठवत असेल. डॉटबस्टर्स. कपाळावरच्या टिकलीवरून ठेवलेलं नाव ते. वर्तमानपत्राला पत्र लिहून भारतीयांना इथून हाकलू म्हणणारी टोळी. त्याच वर्षी होबोकेनमध्ये नवरोज मोदी यांना मारहाण करून ठार केलं, आणि ते तर पारशी होते, टिकलीचा काही संबंधच नव्हता. त्या दिवसांत आपल्या कितीतरी बायकांनी घराबाहेर पडताना टिकली काढली, साडी सोडली. कुणी कायदा केला नव्हता तसा. काढता येते म्हणून काढली. काढता येणारी वस्तू काढावी लागते तेव्हा आत काय होतं हे त्यांना विचारा, त्यातल्या काही आज इथे समोर बसल्यात.

शीख बांधवांचं बघा. पगडी आणि दाढीवाल्या माणसाला नोकरी द्यायची पण ग्राहकांना दिसणार नाही असं मागे कुठेतरी बसवायचं, हे इतकं चालायचं की २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाला वेगळा कायदा करून सांगावं लागलं की धार्मिक पेहरावामुळे माणसाला लोकांपासून लपवून ठेवणं म्हणजे त्याची सोय करणं नव्हे. समांथा एलॉफ या मुलीला हिजाबमुळे अॅबरक्रॉम्बीच्या कपड्यांच्या दुकानात नोकरीवर घेतलं नाही, ती २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात आठ विरुद्ध एक असं जिंकली. आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो तो निकाल दक्षिण आफ्रिकेतला आहे, २००७ चा. डर्बनच्या शाळेत सुनाली पिल्ले नावाची तमिळ हिंदू मुलगी चमकी घालून आली, शाळा म्हणाली काढ. आई लढली. शाळेचं म्हणणं की धर्मात हे सक्तीचं कुठे आहे, नाही घातली तरी चालतं की. तिथलं घटनात्मक कोर्ट म्हणालं की सक्तीचं नसलं, आपल्या खुशीने पाळलेलं असलं, धर्माचं असो की संस्कृतीचं असो, त्या माणसाला ते महत्त्वाचं आहे ना, मग त्याला संरक्षण आहे. १९८१ च्या त्या गंगावनवाल्या निकालाला याहून चांगलं उत्तर मी वाचलेलं नाही.

मग माझी अडचण कुठे आहे? आपल्याच लोकांत आहे, आणि हे मला स्पष्ट बोलायचंय. मुलाखती संपल्यावर जी मीटिंग होते तिथे मी आपल्या मराठी मॅनेजरांच्या तोंडून ऐकलंय, कॅंडिडेट हुशार आहे पण जरा पॉलिश्ड वाटली नाही. मी विचारते पॉलिश्ड म्हणजे काय, कुठलं उत्तर चुकलं, तर उत्तर येत नाही, हात डोक्याकडे जातो. क्लायंटला काय वाटेल असं म्हणतात. अहो, एकेकाळी आपल्या नावाबद्दल, आपल्या उच्चारांबद्दल, डब्यातल्या भाजीच्या वासाबद्दल हेच वाक्य बोललं गेलं, क्लायंटला काय वाटेल. आपल्या ओळखीतल्याच एका मुलीला तिच्या कन्सल्टिंगच्या टीमने मोठ्या प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी सांगितलं की उद्या केस जरा सरळ करून ये, आणि सांगणारा आपलाच होता. तिला वाईट वाटलं ते याचंच जास्त.

आपल्याकडे याचा मोठा वारसा आहे आणि तो आपण इथे सांगत नाही म्हणून मी सांगते. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी संप केला, की विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही. लोखंडे म्हणजे जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक, गिरणी कामगारांचे पुढारी. विचार करा, त्या विधवेला कुणी विचारत नव्हतं, घरातले ऐकत नव्हते, शास्त्री ऐकत नव्हते, आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता, ज्यांचं पोट त्यावर होतं, ते उभे राहिले आणि म्हणाले हे काम आम्ही करणार नाही. आज मुलाखतीचा फॉर्म आपल्या हातात आहे, म्हणून मला ते न्हावी फार मोठे वाटतात.

आता कामाचं. जे मॅनेजर आहेत त्यांनी आपल्या कंपनीच्या हँडबुकमधलं ग्रूमिंगचं पान काढून वाचा. त्यात नीटनेटके, प्रोफेशनल, पारंपरिक केशरचना असे शब्द असतील तर एचआरला विचारा यांचा अर्थ काय आणि कोण ठरवतं. मशीनवर केस अडकू नयेत, स्वयंपाकघरात केस पडू नयेत, असं सुरक्षेचं किंवा स्वच्छतेचं खरं कारण असेल तर नियम जरूर ठेवा, पण तो सगळ्यांच्या केसांना सारखा लावा, जाळी सगळ्यांनी घाला. मुलाखतीनंतरच्या मीटिंगमध्ये कुणी दिसण्यावरून बोललं तर कामाचा मुद्दा काय ते विचारा. एवढं विचारलं तरी पुष्कळदा विषय तिथेच मिटतो, मी बघितलंय.

आणि ज्यांच्यावर वेळ आलीये त्यांनी, आपली मुलं असोत की मित्रमंडळी, कोण काय म्हणालं, कधी, कुणासमोर, ते त्याच दिवशी लिहून ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, घरच्या वहीत किंवा स्वतःच्या ईमेलवर. राज्याच्या सिव्हिल राइट्स विभागाकडे तक्रार करायला १८० दिवस मिळतात, ईईओसीकडे आपल्या राज्यात ३००, आणि थेट राज्याच्या कोर्टात जायचं तर दोन वर्षं. लोक महिनोन्‌महिने गप्प बसतात, होईल नीट म्हणून, आणि मग माझ्याकडे येतात तेव्हा १८० दिवस उलटून गेलेले असतात. मी वकील नाही, पण कुठे जायचं, कागद कसे लावायचे हे दाखवू शकते, जेवणानंतर मागच्या टेबलापाशी थांबणार आहे, येऊन बोला. कॉलेजातल्या मुलांनी तर नक्की या, आईबाबांना सोबत न घेता आलात तरी चालेल.