पाना घेण्याआधी नट बघा

मंडळी, हा बोल्ट पहिल्या रांगेपासून मागेपर्यंत फिरवा. नुसता बघू नका, बोट लावून बघा. याच्या डोक्याला मुळात सहा कोन होते, आता एकही धड उरलेला नाही. गॅरेजात आम्ही म्हणतो, डोकं गोल झालं. मोटरसायकलच्या इंजिनाखाली तेल सोडायचा जो बोल्ट असतो, तो हा. माप १७, म्हणजे डोक्याच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर १७ मिलिमीटर. मालकाने घरीच तेल बदलायचं ठरवलं, ही चांगली गोष्ट. पण हाताशी होता ढिल्या जबड्याचा स्लाइड पाना, म्हणजे जबडा सरकवून लहान-मोठा करता येतो तो. तो दोनदा सटकला, तिसऱ्यांदा कोन गेले. मग पक्कड लावली, मग छिन्नी. गाडी माझ्याकडे आली तेव्हा बोल्टाबरोबर इंजिनच्या ॲल्युमिनियममधले आटेही गेलेले होते. दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस लागले.

मी चिपळूणला एकतीस वर्षं गॅरेज चालवतो. या काळात वाईट धातूमुळे मोडलेले पाने मी बोटावर मोजण्याइतके पाहिले. चुकीच्या मापाच्या, ढिल्या तोंडाच्या पान्याने खराब झालेले नट मात्र रोज बघतो. म्हणून माझं सांगणं असं की दुकानात जाण्याआधी गाडीजवळ बसा आणि नट मोजा. बाजारात बारा नगांचा पान्यांचा सेट मिळतो, ६-७ पासून ३०-३२ पर्यंत. घरी एक मोटरसायकल आणि एक छोटी मोटार असलेल्या माणसाला त्यातले निम्मे कधीच लागत नाहीत. होंडा, यामाहा, सुझुकी, मारुती, या जपानी वळणाच्या गाड्या. त्यांच्यावर ८, १०, १२, १४, १७ आणि चाकाला १९ ही मापं पुन्हापुन्हा येतात. यात १३ घाला. ते का, ते सांगतो.

आठ मिलिमीटर जाडीचा बोल्ट जपानी गाडीवर असेल तर त्याचं डोकं बहुधा १२चं असतं. तोच बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून आणला तर डोकं १३चं. दहा मिलिमीटरच्या बोल्टाला जपानी डोकं १४चं, जुन्या जर्मन मापाचं १७चं, आणि नव्या आंतरराष्ट्रीय मापाचं १६चं. म्हणजे दहा वर्षं जुन्या, चार हातांतून गेलेल्या गाडीवर एकाच झाकणाला तीन बोल्ट १२चे आणि एक १३चा असं सापडतं. त्या एकाला १४चा पाना 'चालवून घेतला' की तो गोल झालाच म्हणून समजा. जुन्या चेतक स्कूटरवाल्यांना आठवत असेल, तिला ११चा पाना लागायचा. तिचं घराणं इटलीचं, म्हणून माप निराळं. गाडी कुठल्या घराण्याची ते कळलं की पेटीत काय हवं ते निम्मं ठरतं.

आता पान्याचा प्रकार. दोन्ही बाजूंना उघडं तोंड असतं तो फिक्स पाना. हा नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सगळ्या कोनांना धरतो. म्हणून जाम झालेला नट आधी रिंगने हलवायचा आणि मग फिक्सने भराभर काढायचा. फिक्स पान्याचं तोंड दांड्याला सरळ नसतं, पंधरा अंश तिरकं असतं. लहानपणी मला वाटायचं ते दिसायला तसं केलंय. नट षटकोनी, म्हणजे पुढचा कोन धरायला पाना साठ अंश फिरायला हवा. अडचणीच्या जागी तेवढा फिरत नाही. मग तीस अंश फिरवा, पाना काढा, उलटा करून पुन्हा लावा. त्या पंधरा अंशांमुळे तो पुढच्या जागेवर बसतो. मुलांनो, हे उद्या करून बघा. कोणी कधी काळी नटासमोर आडवं पडून हा विचार केला असणार, आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

घरासाठी मी एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग, दोन्हीकडे एकच माप, असे सुटे सात पाने घ्यायला सांगतो. व्यवसाय करायचा असेल तर फिक्सचा वेगळा सेट आणि रिंगचा वेगळा सेट लागतोच. कारण बोल्ट १४चा आणि मागचा नटही १४चाच असतो. एक धरायला, एक फिरवायला. एकाच सेटात १४ एकदाच येतो.

नटावर टोपीसारखी बसते त्या सॉकेटला आमच्याकडे गोटी म्हणतात. गोटीत आत बघा. सहा कोन असतील तर ती नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते, बारा असतील तर टोकांच्या जवळ. बारा कोनांची गोटी पटकन बसते, खरं आहे. पण गंजलेल्या नटावर सहा कोनांचीच हवी. आपल्या पावसात न गंजलेला नट मला दाखवा. रॅचेट म्हणजे गोटी नटावरून न काढता मागे-पुढे हलवून फिरवायचा दांडा. तो घेताना दातांची संख्या विचारा. २४ दातांचं रॅचेट पंधरा अंश मागे आणल्यावर पुढचा दात धरतं, ७२ दातांचं पाच अंशांत. घरी गोटी बसायचा चौकोन पाव इंची असलेलं एक आणि अर्धा इंची एक, इतकं पुरतं. लहान रॅचेटला टॉमी, म्हणजे लांब दांडा, लावून चाकाचे नट सोडवायचे नाहीत.

पान्याची लांबी हा विषय कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. १०चा पाना साधारण तेरा-चौदा सेंटिमीटरचा असतो, १९चा त्याहून बराच लांब. कारण जोर किती लागेल ते लांबी ठरवते. सहा मिलिमीटरच्या साध्या बोल्टाला सुमारे १० न्यूटन-मीटर पीळ, म्हणजे टॉर्क, पुरे होतो. १०च्या पान्याच्या टोकाला आठ किलो जोर लावला की तेवढा पीळ बसलाच. आठ किलो म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताला काहीच नाही. म्हणून छोटा नट आवळताना पाना तोंडाजवळ धरावा, टोकाला नाही. आणि पान्याला पाइप घालून लांब करणं, हे आवळण्यासाठी तर कधीच नाही. इंजिनचं काम करणाऱ्याने टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेला पीळ बसला की कळवणारा पाना, घ्यावाच. काम झालं की त्याचं माप सगळ्यात खाली आणून ठेवावा आणि त्याने नट सोडवू नये. त्याबद्दल आज एवढंच.

स्टार पेचकस. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कार्ब्युरेटरचे किती स्क्रू या एका गोष्टीने गेले ते मी बघितलंय. आपण ज्याला सरसकट स्टार म्हणतो ती खाच दोन प्रकारची असते. एक अमेरिकन फिलिप्स, दुसरी जपानी. दिसायला सारख्या, पण फिलिप्स पेचकसाचं टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही. जोर दिला की तो वर उचलला जातो आणि खाच खरवडतो. काही जपानी स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका असतो, तो दिसला की ओळखायचं. जपानी मापाचा पेचकस फिलिप्स खाचेत बऱ्यापैकी चालतो, उलटं मात्र चालत नाही. एकच घ्यायचा तर जपानी घ्या. त्यातही दोन नंबर मापाचा आधी.

पक्कड घेताना ती मिटून उजेडासमोर धरा. टोकं एकमेकांना टेकली पाहिजेत, मधून उजेड दिसता कामा नये. सांधा हलवून बघा, आडवी हालचाल नको. एक गोष्ट जिवाची आहे. मुठीला प्लास्टिकचं आवरण असलं म्हणजे ती विजेच्या कामाची झाली असं नाही. त्यावर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण छापलेली हवी. ती नसेल तर ते आवरण फक्त हाताच्या सोयीसाठी आहे. आणि खूण असली तरी आधी मेन स्विच बंद.

मघाशी मी स्लाइड पान्याला दोष दिल्यासारखं झालं, तसं नाही. स्वीडनमधल्या योहान पेटर योहानसन या माणसाने १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि त्याची घडण आजही जवळपास तीच आहे. इतकी वर्षं टिकलेली वस्तू वाईट कशी असेल? तो नळाच्या कामाला, पकडून ठेवायला उत्तम. फक्त जोर स्थिर जबड्याकडून आला पाहिजे, सरकत्या जबड्याकडून नाही. आणि दर वेळी जबडा नटावर घट्ट करून घ्यायचा. आपल्या नाशिकला, सातपूरला टापारियाचा कारखाना आहे. १९६९ पासून तिथे एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारं बनायला लागली. आमच्या पिढीच्या कित्येक मेकॅनिकांची पहिली पक्कड तिथलीच. माझीही.

खरेदी पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत करा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला करा, नाहीतर आपल्या गावच्या दुकानात. पण बिल घ्या, कारण नामांकित हत्यारांच्या नकला फार आहेत. क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे चांगल्या पान्यांचं मिश्र पोलाद, हे शब्द कशावरही छापता येतात. वरची चमक हा गंजापासून वाचवणारा थर, त्यावरून आतलं पोलाद कळत नाही. माझी पद्धत सोपी आहे. खिशात एक नवा १३च्या डोक्याचा बोल्ट ठेवतो. पाना त्यावर चढवून डावी-उजवीकडे हलवून बघतो. किती मोकळा फिरतो ते हाताला लगेच कळतं. दुकानदार यावर रागावला असं मला आजवर आठवत नाही. उलट एकाने स्वतःच्या गल्ल्याशेजारी बोल्ट ठेवायला सुरुवात केली.

आता पेटी. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणात शिरलं, ते तुमच्यापैकी अनेकांनी भोगलंय. माझं गॅरेज बुडालं. पाच कप्प्यांची पत्र्याची पेटी जमिनीवर होती. तिसऱ्या दिवशी ती उघडली तेव्हा आत गाळ भरलेला. बिजागऱ्यांत माती बसल्याने कप्पे उघडेनात. पाने सगळे वाचले. स्वच्छ पाण्याने धुतले, डिझेलमध्ये घासले, उन्हात वाळवले, तेलाचा हात दिला. त्यातला १०-११ आजही वापरात आहे. रॅचेट खोलून साफ करावं लागलं. टॉर्क पाना गेला, त्याच्या मापावर पुन्हा विश्वास ठेवता येईना. मोजायची हत्यारं गेली. फोमच्या साच्यात बसवलेला देखणा सेट होता, तो सगळ्यात वाईट गंजला, कारण त्या फोमने ओल धरून ठेवली.

तेव्हापासून गॅरेजातली हत्यारं भिंतीवर, डोक्याच्या उंचीच्या वर. प्लायवूडवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आहे. संध्याकाळी एक आकृती रिकामी दिसली की गाडी मालकाच्या हाती द्यायची नाही, आधी पाना शोधायचा. तो इंजिनच्या कोपऱ्यात पडलेला असू शकतो. विमानांची देखभाल करणारे अशीच शिस्त पाळतात. फिरतीवर जाणाऱ्याला मी जाड कापडाची कप्प्यांची गुंडाळी शिवून घ्यायला सांगतो. हलकी असते, आणि रिकामा कप्पा गुंडाळतानाच दिसतो. भरलेली पाच कप्प्यांची पेटी रोज स्कूटरला अडकवून नेणं हे पाठीला परवडत नाही. घरासाठी तीन कप्प्यांची पत्र्याची पेटी पुरे, तीही फळीवर. गुहागर-दापोलीकडे खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्याआधी सगळ्या हत्यारांना तेलाचं फडकं फिरवावं आणि काळ्या रंगाच्या गोट्यांना आठवणीने, कारण त्यांच्यावर क्रोमचा थर नसतो.

मागून एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे. वडिलांच्या पेटीत इंचातले पाने आहेत, ते ठेवावेत का? ताई, ठेवा. पण वेगळे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तो १९च्या नटाला व्यवस्थित बसेल, खुशाल वापरा. सात-सोळांश म्हणजे ११.११, तो ११ला चालतो. अर्धा इंच म्हणजे १२.७. तो १३वर चढणार नाही आणि १२वर ढिला बसून कोन खाईल. अकरा-सोळांश १७वर तसाच ढिला. काही पान्यांवर डब्ल्यू अक्षर असेल तर ते व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे. त्यांच्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, म्हणून तो आकडा बघून गोंधळू नका. पाऊण इंच आणि सात-सोळांश रोजच्या पेटीत घ्या. बाकीच्यांच्या दांड्यावर लाल रंगाची रेघ मारा आणि कापडात गुंडाळून ठेवा. तालुक्यात कोणाकडे जुनी बुलेट किंवा जुनं लेथ असेल तर तो माणूस एक दिवस तुमच्याकडे ते मागायला येईल.