ब्रानिचेवो: सरहद्दीवरचा मुलूख

मध्ययुगीन सर्बियाचा इतिहास बहुतेक वेळा राजांच्या वंशावळीतून सांगितला जातो. आज आपण पार उत्तरेच्या टोकाला, ब्रानिचेवोला जाऊ.

म्लावा नदी डॅन्यूबला मिळते त्या भागात, रोमनांच्या विमिनाकियम नगराजवळ हा किल्ला होता. आसपासच्या मुलखालाही हेच नाव. पलीकडच्या तीरावर हंगेरीचं राज्य, आणि अलीकडून बेलग्रेड-निशमार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलला जाणारा लष्करी रस्ता. रस्ता ज्याच्या ताब्यात, त्याला सम्राटही विचारणार. ११८९ मध्ये जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचं धर्मयुद्धाला निघालेलं सैन्य इथून पुढे गेलं आणि रानात त्याच्यावर हल्ले होऊ लागले. पकडलेल्या लुटारूंनी ब्रानिचेवोच्या बायझंटाईन अधिकाऱ्याचं नाव घेतलं, असं त्या मोहिमेचे इतिवृत्तकार लिहितात. खरंखोटं करायला आज साक्षीदार नाहीत. पण हे इतिवृत्तकार बार्बारोसाच्या बाजूचे, हे विसरू नये.

सर्बियाच्या राजांना हा मुलूख उशिरा मिळाला. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे दर्मान आणि कुदेलिन हे दोघे भाऊ स्वतंत्र होऊन बसले होते. म्लावेच्या घळीत झ्द्रेलो इथे त्यांचं ठाणं होतं. पुस्तकांत त्यांना सरसकट बंडखोर म्हणतात, ते मला पटत नाही. बंड करायला आधी कोणाची तरी घट्ट सत्ता लागते. इथे ती होती कुठे? घोड्यावरून पडून पाय मोडल्यावर १२८२ मध्ये धाकट्या भावाला, मिलुतिनला, सर्बियाची गादी देणारा द्रागुतिन हा हंगेरीच्या राजाचा जावई. १२८४ मध्ये त्याला हंगेरीकडून बेलग्रेड आणि माच्वा मिळालं, तेव्हा हे दोघे त्याचे शेजारी झाले. एकट्याने त्याला ते आवरले नाहीत. शेवटी १२९१ च्या सुमारास दोन्ही राजबंधूंनी मिळून त्यांना हुसकावलं.

पुढच्या शतकाचं थोडक्यात सांगतो. १३७९ मध्ये सर्बियाचा शासक लाझार याने राडिच या स्थानिक सरदाराला काढून ब्रानिचेवो घेतलं. झ्द्रेलोच्या त्याच घळीत त्याने बांधलेला मठ आज गोर्न्याक म्हणून ओळखला जातो.

आता गोलुबात्स. डॅन्यूब जिथे डोंगरात शिरते, तिथला हा किल्ला. १४२७ मध्ये लाझारचा मुलगा स्तेफान वारला आणि आधी ठरल्याप्रमाणे बेलग्रेड व गोलुबात्स हंगेरीकडे जायचे होते. बेलग्रेड गेलं. गोलुबात्सचा किल्लेदार येरेमिया मात्र अडून बसला: आधी माझे १२,००० दुकाट (सोन्याची नाणी) द्या! ते मिळाले नाहीत, तेव्हा त्याने किल्ला तुर्कांना दिला. किल्लेदार फिरला की काय होतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. १४२८ मध्ये हंगेरीचा राजा सिगिस्मुंड वेढा घालायला आला, पण त्याला किल्ला घेता आला नाही. पोलंडचा नामांकित सरदार झाविशा चार्नी तिथेच मारला गेला. त्याच वर्षी नवा शासक ज्युराज ब्रांकोविचने नदीच्या वरच्या अंगाला स्मेदेरेवोचा कोट बांधायला घेतला. तोही १४५९ मध्ये तुर्कांकडे गेला.