तांब्याची वीट, शिवराई आणि मोडीचा भाव

मंडळी, आपल्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत, भाव विचारून रिकाम्या हाताने परतणारी माणसं हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. सोनं गेलं हाताबाहेर, चांदीही गेली, मग तांबं घेऊन ठेवू का? माझं उत्तर आधीच सांगतो. तांब्याची मागणी वाढणार हे खरं, पण म्हणून ते कपाटात भरून ठेवण्यात फायदा नाही.

विजेवर चालणाऱ्या एका मोटारीत सुमारे ८० किलो तांबं लागतं, पेट्रोलच्या गाडीच्या तीन-चार पट. तुतिकोरिनचा मोठा कारखाना २०१८ मध्ये बंद पडल्यापासून आपल्याला शुद्ध तांबं बाहेरून आणावं लागतं. हे सगळं तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलंच असेल. हिशेब मात्र त्यात नसतो.

सोपं जावं म्हणून किलोला हजार रुपये धरा. लाखाचं तांबं म्हणजे क्विंटलभर. घेतानाच त्यावर १८ टक्के जीएसटी. सोन्यावर तो ३ टक्के आहे. आता त्यातली एक वीट विकायला उद्यमनगरातल्या मोडवाल्याकडे, म्हणजे भंगार घेणाऱ्याकडे, न्या. विटेवरचा ९९.९ टक्के शुद्धतेचा शिक्का तो वाचत बसत नाही. लोहचुंबक लावतो, कानशीने कोपरा घासतो, जळक्या मोटारीच्या वायंडिंगच्या ढिगाशेजारी तिला ठेवतो आणि मोडीचा भाव सांगतो. त्याचं काही चुकत नाही, त्याला ती भट्टीतच घालायची असते. हॉलमार्क बघून भाव देणारा सराफ सोन्याला मिळतो, तांब्याला नाही.

परदेशी धाटणीच्या, नाण्यासारख्या दिसणाऱ्या एक औंसाच्या तांब्याच्या चकत्यांचं तर विचारूच नका. २८ ग्रॅम तांबं, म्हणजे धातू २८ रुपयांचा. अमेरिकेतसुद्धा ती चकती एक-दोन डॉलरला विकतात. तांबं चौपट होईल तेव्हा तुमची मुद्दल सुटणार!

आणि भाव चढतोच असंही नाही. लंडनच्या बाजारात २०११ च्या सुरुवातीला टनाला दहा हजार डॉलर होते, २०१६ च्या आरंभी साडेचार हजारांच्या आसपास. मे २०२४ मध्ये अकरा हजारांवर गेले. मधली वर्षं क्विंटलभर धातू माळ्यावर ठेवून कोण बसणार? कागदावर घ्यायचं म्हटलं, तर एमसीएक्स या वायदेबाजारातला एक सौदा २,५०० किलोचा, आणि मुदतीपर्यंत धरला तर माल प्रत्यक्ष उचलायचा. सोन्या-चांदीसारखा तांब्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा थोडाथोडा घेता येणारा फंड, आपल्याकडे नाही. खाणकंपनीचे शेअर घेता येतात, पण तिथे तांब्याच्या भावाबरोबर त्या कंपनीचा कारभारही तुमच्या गळ्यात पडतो.

आता नाणी. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण हा माझा आवडीचा प्रांत. १८३५ चा कंपनी सरकारचा पाव आणा साडेसहा ग्रॅमचा. धातूच्या भावाने साडेसहा रुपये. त्याचं मोल धातूत नाही, दुर्मिळतेत आणि अवस्थेत आहे. आणि ही नाणी इतकी पाडली गेली की जुनं म्हणजे दुर्मिळ हे गणित इथे चालत नाही. शिवराईचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याचंही तसंच. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्र पति’. पण ती एकोणिसाव्या शतकापर्यंत पाडली आणि वापरली गेली, म्हणून हातातली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. घरी सापडली तर चिंच लावून घासू नका. काळसर तपकिरी थर गेला की जाणकार तिला हात लावत नाही.

बनावट शिवराया ढिगाने येतात. ओळखायला फौंड्रीतली माणसं माझ्यापेक्षा बरी. अस्सल नाणं ठोकून पाडलेलं, बनावट बरेचदा ओतीव. कडेवर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ, दिसते का, अक्षरांच्या खाचेत बारीक ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेने पडलेली छिद्रं, आहेत का, एवढं भिंगातून बघा. शिरोलीतला मोल्डर हे एका नजरेत सांगेल.

हनुमानाचं किंवा रामदरबाराचं चित्र असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’चं नाणं कोणी लाखांना देऊ लागला, तर उठून चालू पडा. कंपनीने तसलं नाणं कधी पाडलंच नाही. तांदूळ स्वतःकडे ओढून घेतं असं सांगून विकलं जाणारं तांब्याचं भांडं ही तर सरळ फसवणूक, पोलिसांत जाण्यासारखी.

पन्हाळ्याकडून आलेल्या मंडळींची चिठ्ठी आहे: नांगरताना नाण्यांचं गाडगं सापडलं तर काय करायचं? १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांच्या वर किमतीचं काही पुरलेलं सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मोडवाल्याकडे जायचं नाही.