आईचा सकाळचा पेला

(पहाट. कोल्हापूर, गंगावेशीतला दूध कट्टा. म्हशीची धार थेट पेल्यात पडते आहे.)

“काय आबा, नातीला आणलं न्हाई?”
“तिला अजून चालत न्हाई रं कच्चं दूध.”

नात आठ वर्षांची. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसं चांगलं रक्त न बनण्याचा जन्मजात आजार. तान्ही होती तेव्हापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागायचं. यंदा पुण्यात तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं. स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, थोरल्या भावाच्या. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. याचा जुळला, तेव्हा आबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

दाता किती जुळतो, हे महत्त्वाचंच. जुळणी कमी असेल, तर दात्याच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यांवर, यकृतावर उलटण्याचा धोका वाढतो. डॉक्टर त्याला जीव्हीएचडी म्हणतात. पण थॅलेसेमियाच्या मुलांना ते आणखी एक विचारतात: आधीच्या वर्षांत अंगात लोह किती साठलं?

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह येतं. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. ते यकृतात बसतं, हृदयात बसतं. इटलीतल्या पेसारो इथल्या डॉक्टरांनी जोखीम ठरवताना तीन गोष्टी पाहिल्या. यकृत बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरलंय का, त्यात फायब्रोसिस (व्रणासारखा घट्टपणा) आहे का, आणि लोह उतरवायचं औषध नियमित घेतलं होतं का. तिन्ही बाबतींत उत्तर वाईट आलं, की मूल सर्वांत जोखमीच्या, तिसऱ्या वर्गात.

यातली शेवटची गोष्ट घडते घरात, रोज. या मुलीची आई सकाळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवलेली गोळी घेऊन तिच्यामागं फिरायची. पोरगी तोंड मिटून घ्यायची, रडायची. तरी पेला रिकामा झाल्याशिवाय आई हलायची नाही. मला तर वाटतं, प्रत्यारोपण तिथूनच सुरू झालं होतं.

कारण नव्या पेशी देण्याआधी जबर केमोथेरपी द्यावी लागते. लोहानं थकलेल्या यकृताला ती सोसत नाही. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊ लागतात; वजन वाढतं, पोटात पाणी होतं, कावीळ दिसते. वेळेत लक्षात आलं नाही, तर जिवावर बेततं.

(घर. भिंतीचे पोपडे खरवडलेले.)

पांढऱ्या पेशी दोन-चार आठवड्यांत उगवतात, पण प्रतिकारशक्ती सावरायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. बाळपणीच्या लसीसुद्धा पुन्हा घ्यायच्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा या घरात शिरली होती. खालच्या खोलीची ओल अजून गेलेली नाही, आणि ओलीतली बुरशी अशा मुलाच्या फुप्फुसात गेली तर फार महागात पडते. म्हणून मुलीचं अंथरूण माडीवर.

आबा पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध घेऊन येतात. चपला बाहेर. हात साबणानं. तोंडाला मास्क. दूध उकळून, निववून ते माडीवर जातं.

आज प्रत्यारोपणानंतरचा एकशे अठरावा दिवस.