भट्टीतली जागा

(दृश्य: रात्र. विटांची लांबट भट्टी. तोंडाशी लालबुंद उजेड.)

जपानच्या ओकायामा प्रांतातलं इंबे गाव. भट्टी पेटून आठवडा झालाय. लाल पाइनच्या लाकडाचे ढलपे थोड्या थोड्या वेळाने आत सारले जातात. झोप पाळीपाळीने. असं दहा ते चौदा दिवस, रात्रंदिवस. आत १२०० अंशांच्या आसपास धग आहे, आणि त्या धगीत फुलदाण्या आहेत. त्यांच्यावर कुणी रंगाचं एक बोटही फिरवलेलं नाही.

ही बिझेनची भांडी. बिझेन हे या भागाचं जुनं नाव.

(दृश्य: कापणी झालेलं भातखाचर. मातीचा ढीग.)

यांची माती भातखाचरांच्या खाली, दोन-चार मीटर खोल सापडते. पीक निघाल्यावर, थंडीत ती उकरून काढतात आणि वर्षानुवर्षं उन्हापावसात मुरू देतात. चिकट, लोहाने भरलेली माती. चाकावर सुरेख वर चढते, पण आगीत फार हट्टी. खूप आकसते. झिलई तिच्यावर नीट बसत नाही. आच घाईने वाढवली, तर तडकते. म्हणून इतके दिवस, इतक्या सावकाश. बिझेनचं उघडं, बिनझिलईचं रूप असं मातीच्या अटीतून आलंय, आणि मला तेच फार मोलाचं वाटतं.

आपला माठ कमी आचेवर भाजतो, पाझरतो, म्हणून पाणी गार करतो. इथे माती भाजून दगडासारखी घट्ट होते आणि झिलईविना पाणी धरते.

(दृश्य: थंड भट्टी. एकेक फुलदाणी आत रचली जातेय.)

मग हे रंग येतात कुठून? त्यासाठी हे रचणं पाहायला हवं. इथे कुंभार चित्र काढत नाही, जागा ठरवतो.

ज्वालेच्या वाटेवरच्या फुलदाणीवर लाकडाची राख उडून बसते, वितळते आणि पिवळसर ठिपके उरतात. त्यांना म्हणतात ‘गोमा’, म्हणजे तीळ. खाली निखाऱ्यांत आणि राखेत गाडली गेलेली फुलदाणी हवेवाचून करडी-निळसर होते. एकावर दुसरं लहान भांडं ठेवलं, की तेवढा गोल झाकला जातो आणि लालसर राहतो. त्या गोलाला तिथल्या एका भाताच्या गोड पदार्थाचं नाव आहे, ‘बोतामोची’.

आणि भाताचा पेंढा! भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये घालायचा. त्यातले क्षार मातीतल्या लोहाशी मिळाले आणि शेंदरी रेषा उमटल्या. ‘हिदासुकी’. आता त्या रेषांसाठीच पेंढा गुंडाळतात. खाचराखालची माती आणि खाचरातलाच पेंढा, भट्टीत पुन्हा एकत्र.

(दृश्य: जुनी, कानांची फुलदाणी.)

सोळाव्या शतकात चहाविधीच्या जाणकारांनी या भांड्यांना मान दिला. पुढे झिलईच्या चिनीमातीपुढे ती मागे पडली. इंबेचे कुंभार कानेशिगे तोयो यांनी त्या जुन्या काळाचा बाज पुन्हा शोधून काढला. १९५६ साली जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. आजची अडचण वेगळी आहे: चांगली माती कमी होतेय आणि लाल पाइनला सूक्ष्म कृमींच्या रोगाने ग्रासलंय.

(दृश्य: भट्टी उघडतेय. हातमोजे, राख, पहिली फुलदाणी.)

आग थांबल्यावरही कित्येक दिवस भट्टी निवू द्यावी लागते. दार काढताना कुणी फारसं बोलत नाही. काही फुलदाण्या तडकलेल्या असतात, काही वाकलेल्या.

(दृश्य: घर. पाण्याने भरलेली बादली.)

फूल ठेवण्याआधी फुलदाणी पाण्यात बुडवून काढतात. कोरडी असताना ती मातकट दिसते. ओली झाली, की शेंदरी रेषा उजळतात, तीळ चमकतात. ज्वाला कुठून आली, तेही कळतं. बहुधा तीच बाजू समोर ठेवतात. मग कॅमेलियाची एकच फांदी, एक कळी आणि दोन पानं. फुलदाणीच्या अंगावरून पाण्याचा एक थेंब अजून ओघळतोय.