सहकुटुंब, सहपरिवार: लंडनच्या पबांमधली एक संध्याकाळ

लंडन. फ्लीट स्ट्रीट. पाच वाजलेत, ऑफिसं अजून सुटायची आहेत. एका अरुंद बोळाच्या तोंडाशी पाच पाहुणे उभे आहेत. आई, बाबा, आजी, सतरा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा.

आज पब क्रॉल. एका पबातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मित्रमंडळी जिथे रात्री नऊला सुरुवात करतात, तिथे घरच्यांना घेऊन आलेल्यांनी नऊला आवरतं घ्यावं हे बरं. बऱ्याच पबांत आठ-नऊनंतर मुलांना थांबू देत नाहीत, आणि किचनही त्याच सुमारास बंद होतं.

बोळात शिरलं की 'ये ओल्ड चेशायर चीज'. १६६६च्या आगीत जुना पब जळाला, पुढच्याच वर्षी नवा बांधला, तो हा. त्यानंतर गादीवर आलेल्या राजा-राण्यांची यादी दाराशीच लावली आहे. आत भरदिवसाही अंधार. ठेंगणी दारं, लाकडी बाकं.

धाकट्याला यातलं काही नको, त्याला पॉली बघायची आहे. पॉली म्हणजे इथला करडा आफ्रिकन पोपट. १९२६मध्ये तो मेला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. आता तो पेंढा भरून ठेवलाय. पहिलं महायुद्ध संपलं त्या रात्री शॅम्पेनचं बूच उडाल्याचा आवाज त्याने चारशे वेळा काढला आणि घेरी येऊन पडला, असं सांगतात. 'पण मोजलं कोणी?' धाकटा विचारतो. रास्त प्रश्न आहे.

पुढचा पब दहा मिनिटांवर, नदीच्या दिशेने. 'द ब्लॅक फ्रायर'. इथे पूर्वी डॉमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता. म्हणून १९०५च्या सुमारास पब नव्याने सजवताना भिंतीभर तांब्या-संगमरवरातले गुबगुबीत साधू बसवले. एका पट्टीत ते मासे पकडताहेत. खाली मथळा: 'उद्या शुक्रवार'. शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून ही लगबग. दुसरीकडे कोरलंय, 'जाहिरात करू नका, चहाटळ माणसाला सांगा'. आजीला हे मनापासून पटतं. १९६०च्या दशकात हा पब पाडायला निघाले होते. कवी जॉन बेचमन आणि इतरांनी आरडाओरडा केला म्हणून वाचला.

टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका. ऑर्डर द्यायला काउंटरवरच जायचं. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे बारमनच्या बरोब्बर लक्षात असतं. हात हलवला, पैसे फडकावले, की समजा नंबर मागे गेला. बाबा अर्धा पाइंट मागतात. शहाणपणाचं आहे. पाइंट ५६८ मिलिलिटरचा. तीन ठिकाणी तीन घेतले तर एक लिटर सातशे पोटात, आणि चालायचं अजून बाकी. बारमन हातपंपाचा लांब दांडा सावकाश ओढतो. तळघरातल्या पिंपातली एल, म्हणजे बिअरचाच एक प्रकार, वर येते, गार पण बर्फाळ नाही. आजीसाठी लाइम-सोडा.

थेम्स ओलांडून पलीकडे, नदीकाठाने बरो हाय स्ट्रीटवर. इथे 'द जॉर्ज', १६७७चा. घोडागाड्यांच्या काळातली सराई. अंगणाकडे उघडणाऱ्या लाकडी सज्जांची अशी सराई लंडनमध्ये ही एकच उरली. तीही एका बाजूनेच. बाकीच्या दोन बाजू रेल्वे कंपनीने गोदामासाठी पाडल्या. १९३७पासून ती नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आहे.

इथेच जेवण. आणि इथेच वाद. इंग्लंडच्या कायद्यानुसार दारू विकत घ्यायला अठरा पूर्ण हवीत. पण सोळा-सतराच्या मुलांना, सोबत मोठं माणूस असेल तर, टेबलावरच्या जेवणाबरोबर बिअर, वाइन किंवा सायडर (सफरचंदाची दारू) चालते. विकत मात्र मोठ्यांनीच घ्यायची, आणि पबवाला नाही म्हणाला तर विषय संपला. मुलीने हे सगळं आधीच वाचून ठेवलंय. पबवाल्याची हरकत नाही. आईने मान डोलावली आहे. बाबा मेनूमध्ये डोकं खुपसून बसलेत.

सायडरचा अर्धा ग्लास येतो. आजी तो आधी स्वतःकडे ओढते. 'थांब. चव मी बघते.'